अक्काचं डोकं आणि काळ्या पट्ट्या

शहाजी मास्तरांना वाया गेलेलं कापड दिसलं की घास गिळवत नाही. म्हणजे गिळतात, पण बडबडत गिळतात. शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या एकात मास्तर कटिंग करतात. दुसऱ्या कुणी कापड कापलं की टेबलाखालून पोतंभर चिंध्या निघतात. मास्तरांच्या टेबलाखालून निघतो तो फक्त मास्तरांचा जेवणाचा डबा. कापडावर पुठ्ठ्याचे फर्मे बसवताना ते बाहीच्या पोटात कॉलर घालतात, कॉलरच्या कुशीत खिसा, आणि तरीही बोटभर कापड उरलंच तर त्याच्याकडे असे बघतात, की त्या बिचाऱ्या कापडालाच आपण जास्त झाल्याची लाज वाटावी.

असा माणूस घरी येऊन टीव्ही बघायला बसला, की टीव्हीही कापडच होतो.

दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडे त्रेचाळीस इंची टीव्ही आला. जुना, पाठीला पोक असलेला टीव्ही भंगारात गेला, पण जुना डीव्हीडी प्लेअर मास्तरांनी जाऊ दिला नाही. चालू वस्तू घराबाहेर काढायची तर आधी तिनं बंद पडून दाखवावं, असा त्यांचा नियम. प्लेअरच्या पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरी त्यांनी स्वतः नव्या टीव्हीला जोडल्या आणि घरात जी एकच डिस्क धड चालत होती ती लावली. ती होती लेकीच्या बारशाची. लेक आता लग्नाची झाली होती, पण डिस्कमध्ये अजून पाळण्यातच होती.

चित्र आलं, ते पडद्याच्या मधोमध. डावीकडे एक काळी पट्टी, उजवीकडे एक काळी पट्टी.

"हे काय?" मास्तर उठून उभेच राहिले. "दोन्ही अंगानं सोडलंय की!"

"असू द्या हो," त्यांची बायको पूनम म्हणाली. "दिसतंय ना?"

"दिसायचा प्रश्न नाही. एवढा मोठा पडदा आणलाय, तो काय काळं बघायला?"

त्यांनी रिमोट घेतला आणि चित्राच्या मापाचं बटण शोधून काढलं. पहिल्यांदा दाबलं तेव्हा 'फुल' आलं. पट्ट्या गेल्या, पण चित्र आडवं ताणलं गेलं. पाळणा होडीएवढा झाला. पाळण्याजवळ बसलेली तरुण पूनम दोन्ही बाजूंनी अशी पसरली, की आजच्या पूनमने खुर्चीतून किंकाळीच फोडली.

"अहो, बाळंतीण होते मी, म्हैस नव्हते! बदला आधी ते."

मास्तरांनी पुन्हा बटण दाबलं. 'झूम' आलं. चित्र मोठं होऊन पुढे सरकल्यासारखं झालं, पडदा काठोकाठ भरला आणि माणसंही मापात आली. मास्तरांनी डावी कड बघितली, उजवी कड बघितली. सूतभरही काळं उरलं नव्हतं. वर आणि खाली त्यांनी बघितलं नाही. आयुष्यभर कापडाचा पन्हा बघितलेला माणूस. कापडवाल्याची लबाडी रुंदीत असते, हे त्याला पाठ. पूनमनेही वर-खाली बघितलं नाही, कारण पूनम बघत होती पूनमकडे.

"हां, आता कसं," असं म्हणून मास्तरांनी रिमोट कपाटावर ठेवला आणि त्या बटणाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही, असं जाहीर केलं.

भाऊबीजेला मायाक्का आली. मायाक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिचं सासर वळसंगला. चार तुकडे शेती आणि एक कळप मेंढरं. बाई उंच. मास्तरांच्या दारातून आत येताना ती वाकते, ते नम्रपणामुळे नव्हे. वाकली नाही तर चौकट कपाळाला लागते. ओवाळून झालं, फराळाची ताटं पुढ्यात आली आणि मास्तरांना नवा टीव्ही मिरवायची हौस आली.

"अक्का, आता बघ. आरोहीचं बारसं. थेटरात बसल्यागत दिसतंय बघ."

अक्का सरसावून बसली. कारण या बारशातली मुख्य बाई म्हणजे तीच. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, त्यामुळे पाळण्याला हात लावून उभी होती ती मायाक्का. पडद्यावर तिचं हिरवं लुगडं आलं, हातातल्या बांगड्या आल्या, गळ्यातली बोरमाळ आली. आणि बोरमाळेच्या वर पडदा संपला.

अक्का थांबली. पुढे तरी येईल, असं तिला वाटलं असावं. बाकीच्या बायका ठेंगण्या, त्यांची तोंडं व्यवस्थित पडद्यात. पूनम तर बसलेली, म्हणजे ऐन मध्ये. मग नाव सांगायची वेळ आली. बोरमाळ खाली झुकली आणि पडद्याच्या खालच्या कडेखाली बुडाली. पाळण्यातलं बाळही त्या कडेखालीच होतं. आत्या उभी राहिली की डोकं जायचं, वाकली की सगळीच जायची.

अक्काने करंजी ताटात परत ठेवली, कुंकू लावून घेतलं आणि दुपारची मुक्कामाची बोलणी विसरून मिळेल त्या गाडीने वळसंगला गेली.

"साडी आवडली नसेल," मास्तर म्हणाले. घरातल्या कुठल्याही बाईच्या रुसण्याचं कारण मास्तर आधी कापडातच शोधतात. त्यांनी भारीतली इरकल घेऊन वळसंगकडे जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. दुसऱ्याच दिवशी ती त्याच माणसाबरोबर, त्याच घडीत, परत आली.

पुढे आरोहीचं लग्न ठरलं. मुलगा अक्कलकोटकडचा, घर चांगलं, तारीख माघातली. आता आत्याचा रुसवा परवडणारा नव्हता, कारण त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद लावायची ती आत्याने. मास्तरांना ती रीत जन्मभर ठाऊक. अक्काला तिच्या आत्याने लावली, त्या आत्याला तिच्या आत्याने. मास्तरांनी फोनवर फोन केले. अक्का उचलेना. शेवटी तिची शेजारीण शिवम्मा हिच्या फोनवर तिला गाठलं, तर अक्का एवढंच म्हणाली, "हळदीला दुसरी आत्या बघ. मुंडकं असल्याली," आणि फोन शिवम्माच्या हातात देऊन निघून गेली.

"मुंडकं?" मास्तर म्हणाले.

"व्हय की," पलीकडून शिवम्मा म्हणाली. "तुमी तिला पिच्चरमधनं कापलीय म्हनं. गावभर झालंय."

मग शिवम्माने बिनघाई सगळं सांगितलं. या रुसव्याचं मूळ टीव्हीपेक्षा जुनं होतं. बारशाला अक्काने बाळाच्या कानात सांगितलं होतं 'गोजर'. मास्तरांच्या आणि तिच्या आईचं नाव गोजरबाई. पूनमने कागदावर घातलं 'आरोही'. तेव्हापासून पोरीला सगळं जग आरोही म्हणतं आणि एकटी मायाक्का गोजर म्हणते, आणि पोरगी दोन्हीकडे ओ देते. पण अक्काच्या मनातला हिशेब मिटलेला नव्हता, आणि आता तिने त्याची बेरीज केली होती: नाव पुसता येईना, म्हणून भावजयीने नाव सांगणारीलाच पुसून टाकली. पैसे देऊन. दुकानात जाऊन. डोकं तेवढं.

पूनमने हे ऐकलं आणि तिला हसावं की रडावं कळेना. "अहो, एखाद्याचं डोकं कापायचं तर मला आधी कॉम्प्युटर चालू करता यायला हवा!"

आरोही मात्र हसली नाही. "बाबा, आत्या आली नाही तर मी हळदीला बसणार नाही," ती म्हणाली. "गोरी जाईन नाहीतर काळी जाईन, पिवळी होणार नाही." आणि ती मास्तरांचीच लेक, एकदा आखलेली रेघ ती पुसत नाही.

मास्तर डिस्क खिशात घालून नवी पेठेत गेले. तिथे कापडाच्या दोन दुकानांच्या मध्ये, माणूस आडवा झाला तरच आत जाता येईल अशा फटीत शिवयोगीचं दुकान आहे. पूर्वी तो टेप आणि प्लेअर विकायचा, दुरुस्त करायचा. आता मोबाइलची कव्हरं विकतो. पण मनाने तो अजून प्लेअरमध्येच आहे, आणि त्या विषयावर त्याच्याशी कुणी बोललं त्याला बरीच वर्षं झाली होती.

"डिस्कमध्ये बाई आहे," मास्तर म्हणाले. "पडद्यावर बाई आहे. डोकं नाही."

शिवयोगीच्या तोंडावर असं काही तेज आलं की बाहेर उभ्या गिऱ्हाइकाने हातातलं कव्हर ठेवून दिलं. "अ‍ॅस्पेक्ट रेशो की हो मास्तर!"

"हां," मास्तरांनी मान हलवली.

"तुमची डिस्क फोर बाय थ्री. टीव्ही सिक्स्टीन बाय नाइन. त्यामुळं पिलरबॉक्स येतंय. खरं का न्हाई?"

"येतंय ना." मान आणखी हलली.

"तुमी काय केलं, झूम मारलं. मग वरचं-खालचं क्रॉप. पिक्चर उलट्या मापाचा असता तर लेटरबॉक्स झाला असता, किंवा प्लेअरनं पॅन अँड स्कॅन केलं असतं. त्यात थोडं ओव्हरस्कॅन बी असतंय. वायर कुठली? तिरंगी? मग इंटरलेस. प्रोग्रेसिव्ह न्हाईच. आणि आवाज? मोनो की स्टिरिओ?"

"मोनो," मास्तर म्हणाले, कारण तो शब्द त्यातल्या त्यात लहान होता.

मास्तरांना न कळलेल्या गोष्टीला मान हलवायची सवय आहे. मान जितकी जोरात, तितकं आत कमी गेलेलं असतं. आज मान इतकी हलली की शिवयोगी खूश होऊन म्हणाला, "घरी येऊन दाखवू काय?"

"छे छे. कळलं सगळं."

अक्कलकोट रोडने वळसंगला जाईपर्यंत मास्तर गाडीत ते शब्द ओठांनी घोळवत होते, शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं जप चालू आहे. अक्का वाड्यामागे मेंढरांजवळ होती. आईविना राहिलेल्या एका कोकराला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती. भावाकडे तिने बघितलं आणि पुन्हा कोकराकडे बघितलं. त्यातल्या त्यात कोकराकडे जरा जास्त प्रेमाने.

मास्तर तिच्यापुढे दगडावर बसले. बहिणीजवळ बसलं की त्यांची शहरी जीभ आपोआप उतरते. "अक्का, तुला कुणी कापली न्हाय. तुजा अ‍ॅस्पेक्ट रेशो बदलला."

"माजं काय बदललं?"

"रेशो. तू फोर बाय थ्री हायस. टीव्ही हाय सिक्स्टीन बाय नाइन. मग पिलरबॉक्स येतंय. ते घालवाय गेलं की तुजं क्रॉप होतंय."

अक्काने बाटली तिरकी केली. "मागल्या म्हैन्यात म्हनत हुतास साडी हलकी हुती. आता म्हनतोस रेशो. पुडच्या खेपंला काय सांगशील, माजी रास वाकडी हुती?"

"तसं न्हवं. ते इंटरलेस असतंय, प्रोग्रेसिव्ह न्हाय—"

"शाजा, तू वकिलाकडं जाऊन आलास व्हय?"

"दुकानात गेलतो."

"मंजी दुकानातच कापली!" अक्काने जिंकल्यासारखं कोकराकडे बघितलं. "म्या म्हनलं न्हवतं शिवम्माला?"

मास्तरांनी दोन्ही हातांनी हवेत आधी एक चौकोन काढला, मग जास्त रुंद चौकोन काढला, मग पहिला चौकोन दुसऱ्यात बसवायला गेले आणि त्यांचे हात अडकल्यासारखे झाले. अक्काने ते शेवटपर्यंत बघितलं. मग तिचा आवाज जरा खाली आला.

"हे बघ. माजं तोंड दिसलं न्हाय दिसलं, मला काय सिनेमात काम करायचं न्हाय. पर आय गेली तवा तिचा साधा फोटूबी न्हवता आपल्याकडं. तिचं नाव तेवढं म्या पोरीच्या कानात सांगितलं. कागदावर तुमी न्हाय घातलं, बरं, न्हाय तर न्हाय. पर म्या ते सांगतीया, हे त्या पिच्चरमदी दिसायचं. तेवढंच कुटंतरी हुतं. आता तितंबी न्हाय." तिने कोकराचं तोंड पुसलं. "जा तू. गाडी चुकंल."

मास्तरांना गाडी मिळाली. ते सगळे शब्द पेठेतून आणले तसेच, कोरे करकरीत, परत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका शाळेचं चौकड्याचं कापड आलं. नेहमीच्या कापडाहून अरुंद पन्ह्याचं. मास्तरांनी ते रुंद टेबलावर थरावर थर अंथरलं. टेबल मोठं, कापड लहान; दोन्ही अंगाला टेबलाची लाकडी कड उघडी राहिली. त्यांनी फर्मे मांडले, खडूने आखलं, कटिंग मशीन हातात घेतलं, आणि त्यांची नजर त्या उघड्या कडांवर गेली.

रोज जायची. आज थांबली.

टेबल उघडं राहिलं म्हणून आजवर त्यांनी कधी हळहळ केली नव्हती. टेबल टेबलाच्या मापाचं, कापड कापडाच्या मापाचं. उघड्या लाकडात कापडाचं काही जात नाही. पण समजा कुणा शहाण्याने म्हटलं असतं की टेबल भरलंच पाहिजे, आणि त्यासाठी कापड रबरासारखं चारी बाजूंनी ताणून मोठं केलं असतं, तर? रुंदीला टेबल भरलं असतं. पण लांबीला कापड पुढे लोंबलं असतं आणि मागेही लोंबलं असतं. आणि जे टेबलाखाली लोंबलं, ते कापून टाकलं असतं. वरची बोरमाळेवरची बाजू. खालचा पाळणा.

"आयला," मास्तर म्हणाले.

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "काय हो, चुकलं काय?"

"हो," मास्तर म्हणाले. हा शब्द त्या कारखान्यात त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता, त्यामुळे सगळी मशीनं क्षणभर थांबली.

कापडाची बोटभर पट्टी वाया जाऊ न देणाऱ्या माणसाच्या हातून ही पहिली मोठी चिंधी गेली होती, आणि ती निघाली सख्ख्या बहिणीची. तीही कशासाठी, तर दोन काळ्या पट्ट्यांसाठी, ज्यांत मुळात काही नव्हतंच.

संध्याकाळी घरी येऊन मास्तरांनी चप्पलसुद्धा न काढता रिमोट घेतला आणि चित्र मूळ मापावर आणलं. पट्ट्या परत आल्या. आणि हिरव्या लुगड्याच्या, बोरमाळेच्या वर, मायाक्काचं डोकं परत आलं. मास्तरांनी पूनमला टेबलाचं आणि कापडाचं सांगितलं. तिला ते एका दमात कळलं, पण तिचं लक्ष मुख्यतः दुसरीकडे होतं. "बघा, मी किती बारीक होते," ती म्हणाली. मूळ मापाला तिची काहीच हरकत नव्हती. हरकत मास्तरांना होती. पट्ट्या त्यांना अजून टोचत होत्या. टीव्हीने तीन मापं दिली होती आणि घरातल्या तिघांच्या वाट्याला एकेक रुसवा ठेवला होता. एकात भाऊ रुसायचा, एकात बायको, एकात बहीण. आता भावाने रुसायचं, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं.

फोन मात्र पूनमने लावला, शिवम्माच्याच नंबरवर. "वन्सं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः या आणि स्वतःच्या हातानं बघा. डोकं सापडलं नाही तर टीव्ही उचलून वळसंगला न्या."

त्या शेवटच्या बोलण्यामुळे असेल, अक्का आली. आणि साक्षीला शिवम्माला घेऊन आली. दोघी खुर्च्यांवर न बसता सतरंजीवर बसल्या, पंचायतीला बसावं तशा.

मास्तरांनी डिस्क लावली. या वेळी त्यांनी एकही इंग्रजी शब्द उच्चारला नाही. त्यांनी नुसती एक रिकामी फोटोची चौकट आणली, अक्काच्या डोळ्यांपुढे धरली, पलीकडे शिवम्माला बसवलं आणि म्हणाले, "शिवम्मा दिसतीया?"

"दिसतीया."

मास्तरांनी शिवम्माला चौकटीजवळ सरकवलं, अगदी जवळ. "आता?"

"आता नाक दिसतंय निस्तं."

"नाक मोठं झालं, आणि कपाळ-हनुवटी चौकटीभाईर गेली. कापली का कुणी?"

अक्काने चौकटीकडे, मग भावाकडे बघितलं. "असं सादं सांगायचं सोडून तू त्या दिवशी हात कशापायी हालवत हुतास?"

"चुकलं. हे घे. हे बटण. तूच दाब."

अक्काने रिमोट घेतला आणि अंगठा असा रोवला की बटण आत जाऊन राहतंय की काय, असं मास्तरांना वाटलं. पडद्यावरच्या सगळ्या बायका पसरल्या आणि पूनम स्वयंपाकघरातून ओरडली, "ते नको!" पुन्हा दाबलं. सगळ्या बायका पसरल्या आणि पूनम स्वयंपाकघरातून ओरडली, "ते नको!" पुन्हा दाबलं. दोन काळ्या पट्ट्या आल्या आणि त्यांच्यामध्ये मायाक्का, अख्खी, डोक्यापासून पाळण्यापर्यंत.

"गेली," आणखी दोनदा दाबून अक्का म्हणाली. दाबलं. "आली." दोनदा दाबलं. "गेली. शिवम्मा, बघ की. आली."

"आली गं," शिवम्मा म्हणाली. "एकाच ठिकाणी ठिव आता, माजं डोळं फिराय लागलं."

अक्काने मूळ मापावर ठेवलं आणि रिमोट मांडीवर घेऊन नीट बघायला लागली. पडद्यावरची तरुण मायाक्का पाळण्याकडे वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं. आवाज काही आला नाही, कारण शूटिंगवाल्याने सगळ्यावर सनईच टाकली होती. पण ओठ हलले, ते स्पष्ट दिसलं. अक्काचेही ओठ खाली सतरंजीवर हलले. आरोही दारात उभी राहून बघत होती. ती हळूच येऊन आत्याला टेकून बसली.

मग पडद्यावरची मायाक्का सरळ झाली आणि तिने कॅमेऱ्याकडे बघितलं.

तोंड असं होतं की एरंडेल पाजून उभं केलंय. गाल फुगलेले, भुवया एकमेकींत गुंतलेल्या, खालचा ओठ बाहेर. शेजारी बसलेली पूनम मात्र तिच्याकडे वर बघून हसत होती, काहीतरी बोलत होती, तिच्या हाताला हात लावत होती. आणि हिरव्या लुगड्यातली बाई तो हात झटकत होती.

"ही कोन?" अक्का म्हणाली.

"तू की," मास्तर म्हणाले.

"म्या हसत हुते त्या दिवशी."

शिवम्मा, साक्षीदार म्हणून आलेली, पडद्याकडे बघून खोकली.

"म्या हसत हुते," अक्का पुन्हा म्हणाली, पण या वेळी जरा चौकशी केल्यासारखी. "रुसल्याली ती हुती. पूनम."

पूनम चहा घेऊन दारात आली होती. तिने पडद्याकडे बघितलं. आता तिला बरंच काही बोलता आलं असतं, आणि मास्तरांनी त्या भीतीने डोळेही मिटून घेतले. पण पूनम म्हणाली, "मी आदल्या रात्री दुसरं नाव ठरवून बसले, तुम्हाला न विचारता. रुसाल नाही तर काय कराल. घ्या चहा, वन्सं."

अक्काने कप घेतला. बराच वेळ तिने चहा बशीत ओतला, कपात ओतला, पुन्हा बशीत ओतला. पडद्यावर फुगलेले गाल तसेच होते. शूटिंगवाल्याला ते तोंड आवडलं असावं, कॅमेरा हलायचं नाव घेत नव्हता.

शेवटी ती मांडीवरचा रिमोट चाचपत म्हणाली, "शाजा, ते मोटं करायचं हेच बटन न्हवं?"

"अक्का, त्यानं डोकं जातंय की!"

"जाऊं दे. नाव सांगून झालंय, ते दिसलं. फुडचं काय बगायचंय?" तिने बटण दोनदा दाबलं. डोकं गेलं, काळ्या पट्ट्या गेल्या, बोरमाळ तेवढी राहिली. मास्तरांना भरलेला पडदा बघून आतून बरं वाटलं, आणि ते वाटल्याबद्दल त्यांना लगेच लाजही वाटली. "आता सांग, हळद कदी हाय?"

माघात हळद झाली. दारापुढे मांडव, पाटावर आरोही, आणि समोर शूटिंगवाला तीन पायांचा कॅमेरा लावून. मास्तर सकाळपासून त्याच्या मागे होते. त्यांनी त्याला चौकट कुठे संपते ते विचारलं, उंच माणूस उभा राहिला तर काय करशील ते विचारलं, आणि शेवटी स्वतःच मागे जाऊन त्या छोट्या पडद्यात वरची कड आणि खालची कडसुद्धा तपासली.

अक्का नव्या इरकलीत आली. तीच इरकल, जी एकदा वळसंगला जाऊन परत आली होती. तिने वाटीत बोटं बुडवली आणि आरोहीच्या गालाकडे हात नेला. पण नजर आरोहीकडे नव्हती. नजर होती सरळ कॅमेऱ्यात, आणि तोंडावर हसू होतं. असलं हसू वळसंगमध्ये कुणी बघितलं नसेल. दातांमागून दात, कानापर्यंत. शूटिंगवाल्याने झालं म्हणून खूण केली तरी ते हलेना. बोटं मात्र आपली चालत होती, गालावरून मानेवर, मानेवरून पुन्हा वर, अंदाजाने.

"आत्या," आरोही ओठ न हलवता म्हणाली. "कानात गेली हळद."

"जाऊं दे, गोजर," अक्का तेच हसू धरून म्हणाली. "हलू नगंस. त्याचं चालू हाय अजून."